घरी सलाईन, घरी अँटिबायोटिक: होमकेअरच्या सिस्टर-ब्रदरनी नवीन शिकायचं कुठे?

सुजाता_सिस्टर (पुणे)

नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय निघतो आणि वाहून जातो, म्हणून इथे मांडतेय. पुढे कुणाला शोधायचा झाला तर सापडेल.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. बरीच वर्षं आयसीयूत होते, आता होमकेअर करते आणि नव्या मुलींना तयार करते. होमकेअर म्हटलं की लोकांना वृद्धांचे डायपर आणि बीपी तपासणंच आठवतं. पण काम पार बदललंय. हाडात जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटला सहा-सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, केमोनंतरची सलाईन, आयर्न, पिक लाइनचं (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेल्या लांब नळीचं) ड्रेसिंग, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेल्याला शिरेतून पोषण, हे सगळं आता घरी होतं. पेशंट जरा स्थिर झाला की डिस्चार्ज मिळतो आणि उरलेला कोर्स आमच्या हाती येतो.

वॉर्डात काही बिघडलं तर हाक मारायला इन्चार्ज असते, आरएमओ (ड्यूटीवरचा डॉक्टर) असतो, इमर्जन्सी ट्रॉली असते. घरात सिस्टर एकटी असते. जिथे सगळ्यांत एकटीने काम करायचं, तिथल्याच सिस्टरला पुढचं शिकवायची काही सोय नाही. धागा काढण्याचं कारण हेच.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण हवं, म्हणजे ३० क्रेडिट. मोठ्या हॉस्पिटलातल्या मुलींचं ते तिथल्या तिथे होतं, कारण हॉस्पिटलच सीएनई (निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम) भरवतं. ब्युरोतून (घरोघरी सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीतून) काम करणाऱ्या मुलीला कुणी बोलावत नाही. नोंदणीची मुदत जवळ आली की मिळेल त्या सेमिनारला जाऊन बसायचं. विषय कुठलाही असो, सही केली की सर्टिफिकेट मिळतं. कागदावर तास भरतात, पण पिक लाइन फ्लश करायला (सलाईनने धुवायला) कुठली सिरिंज घ्यायची हे त्या १५० तासांत एकदाही कानावर पडलेलं नसतं. (१० एमएलची घ्यायची. बारीक सिरिंजने दाब जास्त येतो आणि लाइन अडलेली असेल तर कॅथेटर फाटू शकतं.)

तास नकोत असं मी म्हणत नाही. ते तास हाताने काम करून घेण्यात जावेत आणि आम्ही घरी जे करतो त्याबद्दलचे असावेत, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गावात काय चालतं? परदेशात कुणी या क्षेत्रात असेल तर त्यांनीही लिहा.

मीरा_ठाणे

सुजाताताई, मी नर्स नाही, पण वडिलांना डायबेटिक फूटनंतर सहा आठवडे घरी इंजेक्शनं चालली होती, म्हणून लिहिते. सिस्टर सगळ्या प्रेमळ होत्या, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ब्युरो दर थोड्या दिवसांनी माणूस बदलायचा आणि प्रत्येकीची पद्धत निराळी. एक सिस्टर सुई लावण्याआधी नळीच्या तोंडाची टोपी स्पिरिटने नीट घासायची, दुसरी नुसता कापूस टेकवायची. एक औषध पाऊण तास चालवायची, दुसरी दहा मिनिटांत पुश करायची. यातलं बरोबर कुठलं हे आम्हाला कसं कळणार? डॉक्टरांना फोन केला तर म्हणायचे, सिस्टरला विचारा.

हाताला लाली आली, दुखायला लागलं. एका सिस्टरने सांगितलं चालेल, दुसरीने येताक्षणी सुई काढली. नंतर वाटलं, दुसरीला हे कुणीतरी शिकवलं असणार.

ओंकार_ब्रदर (कोल्हापूर)

काकू, दुसरीचंच बरोबर होतं. लाली आणि दुखणं दोन्ही असेल तर सुई ठेवायची नाही. शिरेची सूज मोजायला ० ते ५ गुणांची व्हीआयपी नावाची पट्टी असते, त्यात २ गुण झाले की सुई काढून दुसरीकडे लावायची. ही पट्टी मी हॉस्पिटलात शिकलो, होमकेअरमध्ये कुणी विचारलीसुद्धा नाही. आता मी ती मोबाइलमध्ये ठेवलीय आणि नातेवाईकांनाच दाखवतो.

ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी एक भर घालतो. घरी औषध बनवतं कोण? आम्हीच. व्हायल फोडायची, पातळ करायचं, बाटलीत टाकायचं, सगळं पेशंटच्या टेबलावर. कुठलं औषध कुठल्या सलाईनमध्ये चालतं हे पाठ नसेल तर घात होतो. २०२१ साली म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा अम्फोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) देण्याची वेळ कितीतरी जणांवर आली. जन्मात कधी हाताळलं नव्हतं अशा लोकांवर. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करायचं. नॉर्मल सलाईनमध्ये टाकलं तर दूध फाटल्यासारखं होतं. लाइनमध्ये आधीचं सलाईन उरलं असेल तर तीसुद्धा आधी डेक्स्ट्रोजने धुवायची. फिटच्या फेनिटॉइनचं बरोब्बर उलटं, ते डेक्स्ट्रोजमध्ये चालत नाही, नॉर्मल सलाईनच लागतं. सेफ्ट्रायक्झोन रिंगर लॅक्टेटमधून द्यायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं.

हे तीन नियम अर्ध्या पानावर मावतात. एवढं अर्धं पान आमच्या इकडच्या होमकेअरवाल्यांना कुठल्या सीएनईत मिळालंय असं मी ऐकलेलं नाही. मी स्वतः एका फार्मसीवाल्या मित्राकडून उतरवून घेतलं.

डॉ_गोदाकाठ (नाशिक)

धागा फार गरजेचा. मी फिजिशियन आहे, घरी अँटिबायोटिक लिहून देणाऱ्यांपैकीच एक. त्यामुळे जबाबदारी आमच्याकडेही येते हे आधी मान्य करतो. मीराताईंना 'सिस्टरला विचारा' असं उत्तर मिळायला नको होतं. औषध किती मिलीत, किती वेळात आणि कशात, हे डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरने लिहिलंच पाहिजे.

मला एका गोष्टीवर सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मिनिटांचा हिशोब असतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र रिअ‍ॅक्शन. कुठल्याही नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी नको, हॉस्पिटलात किंवा डे केअरमध्ये द्यावा, अशी माझी पद्धत आहे. तरीही पुढच्या डोसला रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अशा वेळी आपल्याकडच्या सिस्टर-ब्रदरचा हात सवयीने अविल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि एफकॉर्लिनकडे (स्टेरॉइड) जातो. तो त्यांचा दोष नाही, वॉर्डात वर्षानुवर्षं हेच पाहिलेलं असतं. पण घसा दाटला, श्वास अडला, आवाज बदलला, बीपी पडलं, अंगभर चट्टे येऊन उलट्या सुरू झाल्या, तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन. मोठ्या माणसाला १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. शिरेतून नाही. औषधाची बाटली लगेच बंद करायची, पण शिरेतली सुई काढायची नाही, ती पुढे लागते. पेशंटला आडवं करून पाय उंच करायचे. उठवून बाथरूमकडे न्यायचं नाही, बसवून पाणी पाजायचं नाही. श्वासाचा त्रास जास्त असेल तर टेकून बसू द्यावं, उभं मात्र करू नये. १०८ ला फोन करायचा. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस. अविल वगैरे त्यानंतर.

यासाठी सिस्टरकडे डॉक्टरचा लेखी, सही केलेला आदेश आधीपासून हवा, म्हणजे ऐनवेळी फोन लागला नाही म्हणून ती थांबणार नाही. आणि हे स्लाइड दाखवून शिकवता येत नाही. मी आमच्या स्टाफला घड्याळ लावून करायला लावतो. अँप्यूल फोडण्यापासून मांडीत सुई जाईपर्यंत. पहिल्या वेळी सगळ्यांना फार वेळ लागतो, कारण अँप्यूल बॅगेच्या तळाशी असते.

नागपूरची_पल्लवी

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. डॉक्टर साहेबांचं घड्याळ मी उचलणार.

सुजाता मॅडम, सीएनईच्या तासांबद्दल थोडं बोलते, कारण आम्हीच ते कार्यक्रम भरवतो. क्रेडिट द्यायचं तर राज्य परिषदेची आधी मान्यता लागते. विषय, वक्ते, वेळापत्रक पाठवावं लागतं. मान्यता सोपी जावी म्हणून कॉलेजं मोठं सभागृह घेऊन दिवसभराची भाषणं ठेवतात. दोनशे जणींना एकदम बसवता येतं. हातानं करून घ्यायचं म्हटलं तर एका टेबलाला सात-आठ जणींपेक्षा जास्त घेता येत नाही, डमी हात लागतात, शिकवणारे जास्त लागतात. खर्च वाढतो आणि सर्टिफिकेट तेवढंच मिळतं. म्हणून प्रात्यक्षिक मागे पडतं. नियमात आडकाठी नाही, कार्यशाळेलाही क्रेडिट मिळू शकतं. भरवणाऱ्यांची तयारी कमी पडते, हे मी आतली असून सांगते.

दुसरं आमच्या विदर्भातलं. काही पेशंटना आता फुग्याचा पंप देतात, म्हणजे रबरी फुग्यात औषध भरलेलं आणि तो आपोआप आकसून शिरेत सोडतो. वीज नको, स्टँड नको, पेशंट हिंडूफिरू शकतो. फार सोयीचा. पण त्याचा वेग ठरावीक तापमानाला बांधलेला असतो. फ्रीजमधून काढून थेट लावला तर हळू चालतो, आणि मे महिन्यात नागपुरात ४५ अंश असताना कूलर बंद पडला तर भरभर रिकामा होतो. औषधही उष्णतेनं लवकर खराब होतं. मेरोपेनेमसारखं औषध पातळ केल्यावर मुळातच फार तास टिकत नाही. कंपनीचं पत्रक थंड देशातलं असतं. आमच्या उन्हाळ्यात काय करायचं हे आम्हालाच शिकवावं लागणार.

अजय_वसई

मी छोटा नर्सिंग ब्युरो चालवतो. इथे ब्युरोवर बरंच बोललं गेलंय, काही बरोबर आहे, पण आमचीही बाजू ऐका.

एका सिस्टरला एक दिवस ट्रेनिंगला पाठवलं तर त्या दिवसाचं तिचं पेमेंट बुडतं, पेशंटकडे बदली माणूस द्यावा लागतो, सेमिनारची फी वेगळी. बहुतेक मुली दिवसाच्या हिशोबावर काम करतात, एक दिवस गेला की घरचं बजेट हलतं. आम्ही फी भरायला तयार झालो तरी शिकून तयार झालेली मुलगी महिन्या-दोन महिन्यांत मोठ्या हॉस्पिटलात नाहीतर आखातात जाते. तिचं भलं होतं, मी आडवा येत नाही. पण आमचा खर्च गेला तो गेला. पेशंटचे नातेवाईकही रेट विचारतात, ट्रेनिंग किती झालंय हे कुणी विचारत नाही. मीराताई, तुम्ही तरी विचारलं होतंत का? राग मानू नका, खरंच जाणून घ्यायचंय.

मीरा_ठाणे

नव्हतं विचारलं, अजयजी. काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. या धाग्यातून तेवढं तरी कळलं पाहिजे.

एडिसनची_वैदेही

मी न्यू जर्सीत होम इन्फ्युजन फार्मसिस्ट आहे. बी.फार्म. पुण्याचंच, पुढचं सगळं इकडे. सुजाताताईंनी परदेशातल्यांना हाक दिली म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मोठा फरक सांगते. इथे नर्स रोज येत नाही. बहुतेक पेशंट किंवा घरचे लोक स्वतः औषध लावतात. नर्स सुरुवातीला येऊन शिकवते, मग आठवड्यातून एकदा ड्रेसिंग बदलायला आणि रक्त घ्यायला. म्हणजे इथल्या नर्सचं अर्धं काम शिकवण्याचं. ते कसं करायचं हेही तिला शिकवलं जातं. 'कळलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही मला करून दाखवा' म्हणायचं. सत्तरीच्या आजोबांनी टोपी १५ सेकंद घासून, वाळू देऊन, सलाईनने फ्लश करून दाखवलं की मगच नर्स सही करते. व्हॅन्कोमायसिन (एक अँटिबायोटिक) चालू असेल तर दर आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि रक्तपेशींची तपासणी होते, त्याचे आकडे माझ्याकडे येतात आणि डोस बदलायचा का यावर डॉक्टरशी बोलणं माझं काम.

दुसरा फरक ओंकारच्या मुद्द्याचा. औषध पेशंटच्या टेबलावर बनत नाही, आमच्याकडे स्वच्छ खोलीत बनतं आणि तयार होऊन घरी जातं. त्या खोलीत काम करणाऱ्यांचे नियम अमेरिकन फार्माकोपियाच्या ७९७ क्रमांकाच्या प्रकरणात आहेत. नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून नेहमीच्या कामासाठी दर ६ महिन्यांनी परीक्षा असते. ग्लोव्ह घातलेली बोटं जंतू वाढवणाऱ्या पोषकाच्या बशीवर टेकवायची आणि काही उगवतं का पाहायचं. औषधाऐवजी पोषक द्रव घेऊन पूर्ण प्रक्रिया करायची आणि तो गढूळ होतो का पाहायचं. भाषण किती ऐकलं याला तिथे काही किंमत नाही, बशीत काही उगवलं तर परत शिकून परत परीक्षा. सुजाताताई, तुम्ही हातानं करून घेणं म्हणता ते हेच.

त्याच नियमांत तातडीने वापरायच्या औषधाचीही मर्यादा आहे, स्वच्छ खोलीबाहेर बनवलं तर बनवायला घेतल्यापासून ४ तासांच्या आत ते पेशंटला सुरू झालं पाहिजे. तुमच्याकडे घरी टेबलावर बनतं त्याला हा आकडा उपयोगी पडेल. सकाळी बनवून संध्याकाळच्या डोससाठी फ्रीजमध्ये ठेवणं यात बसत नाही.

आता तासांचं. न्यू जर्सीत नर्सला दर २ वर्षांनी ३० तास लागतात, फार्मसिस्टलाही ३०. याशिवाय शिरेतून उपचार हीच खासियत असलेल्या नर्ससाठी सीआरएनआय नावाचं वेगळं प्रमाणपत्र आहे. ते दर ३ वर्षांनी नवं करावं लागतं. त्यासाठी या कामाचे १००० तास आणि शिक्षणाचे ४० गुण हवेत, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. मला यात आवडतं ते हे की प्रत्यक्ष कामाचे तास आणि शिक्षण दोन्ही एकत्र मोजलं जातं.

इथे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. इथेही ऑनलाइन व्हिडिओ पळवून शेवटच्या प्रश्नांना टिकमार्क करणारे आहेतच. खरं शिकणं कधी होतं ते सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातला बॅक्स्टरचा कारखाना बुडवला. देशातल्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के तिथून यायचं. एका रात्रीत सलाईनच्या पिशव्या मिळेनाशा झाल्या. मग जी औषधं पिशवीतून द्यायचो त्यातली कुठली सिरिंजने हळूहळू पुश करता येतात, किती मिनिटांत, कुठल्या औषधाला ते अजिबात चालत नाही, हे सगळ्या नर्सना, आणि त्यांच्याकडून घरोघरच्या पेशंटना, काही दिवसांत शिकवावं लागलं. आम्ही रोज संध्याकाळी फोनवर वर्ग घेतले. कुणी क्रेडिट मागितलं नाही. आज कुठल्या पेशंटकडे काय नडलं, असा वर्ग असायचा आणि शिकणाऱ्यांना तो दुसऱ्या दिवशीच वापरायचा असायचा. तुमच्याकडे सुरुवात करायची तर अशीच करा, स्वच्छ खोलीची वाट बघू नका.

ओंकार_ब्रदर (कोल्हापूर)

वैदेहीताई, ४ तासांचा आकडा वहीत लिहिला. एक विचारतो. यूट्यूबवर तुमच्याकडचे व्हिडिओ बघून आमची पोरं थेंबांचा हिशोब शिकतात आणि आकडा जुळत नाही. का?

एडिसनची_वैदेही

आयव्ही सेट (सलाईनची नळी) वेगळे असतात. इकडच्या साध्या सेटमध्ये १ मिलीला १० किंवा १५ थेंब, भारतात बहुतेक २० थेंब, मायक्रोड्रिप दोन्हीकडे ६०. पाकिटावर छापलेलं असतं. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम २०० मिलीत धरा. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे १०० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २ मिली. २० थेंबांच्या सेटवर ४० थेंब, १५ थेंबांच्या सेटवर ३०. आता कुणी १५ चा सेट आहे हे न बघता ४० थेंब सोडले तर औषध पाऊण पट वेळात संपेल आणि पेशंटचा चेहरा-मान लाल होऊन खाज सुटेल.

सुजाता_सिस्टर (पुणे)

वैदेही, हे उदाहरण मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिणार.

अजयदादा, तुमचं म्हणणं पटतं आणि तरीही उत्तर द्यावंसं वाटतं. दिवसाचं पेमेंट बुडतं हा खरा अडथळा आहे, मुलींच्या बाजूनेही. म्हणून पूर्ण दिवसाची कार्यशाळा होमकेअरला परवडत नाही. दोन ड्यूट्यांच्या मधल्या दोन-अडीच तासांत होईल असंच काहीतरी हवं. मुलगी सोडून जाते म्हणून शिकवायचं नाही, हे मात्र मला मान्य नाही. ती जाईपर्यंत रोज कुणाच्या तरी शिरेत औषध घालणार आहे. त्या माणसाचं काय?

आणखी एक. काही गोष्टी तुम्हाला कायद्यानेच करायच्या आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांना कामाला लागताना आणि मग दर वर्षी प्रशिक्षण द्यायचं आहे, हेपाटायटिस बी आणि धनुर्वाताची लसही द्यायची आहे. मी नव्या मुलींना पहिला प्रश्न हाच विचारते, हेपाटायटिसचे तीन डोस झालेत का. उत्तर ऐकून काळजी वाटते.

अजय_वसई

लसीचं मी या आठवड्यात तपासतो. प्रामाणिकपणे सांगतो, सगळ्यांची माहिती माझ्याकडे लेखी नाही. सुया कुठे टाकायच्या हेही एकदा स्पष्ट लिहा. पेशंटच्या घरच्या डस्टबिनमध्ये जाताना मी पाहिलंय.

नागपूरची_पल्लवी

सुया कॅप परत न लावता, भोक पडणार नाही अशा पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात. आयव्ही सेट, कॅथेटर, सिरिंजचा प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत. काचेच्या व्हायल, अँप्यूल निळ्या खुणेच्या खोक्यात. रक्ताचा कापूस-ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. हे सगळं सिस्टरने आपल्यासोबत परत न्यायचं आणि ब्युरोने ज्या हॉस्पिटलशी किंवा कचरा प्रक्रिया केंद्राशी व्यवस्था केलीय तिथे द्यायचं. घंटागाडीत गेलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

आणि स्वतःला टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. होमकेअरची मुलगी रात्री एकटी असते, ड्यूटी सोडून जाऊ का या विचारात सकाळ करते. ड्यूटी सोडून जायचंच, हे ब्युरोने तिला आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

डॉ_गोदाकाठ (नाशिक)

मीराताईंच्या प्रश्नाचं राहिलं. नातेवाईकांनी काय विचारायचं? मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना असं सांगतो: सिस्टरची परिषदेची नोंदणी चालू आहे का, औषध कशात आणि किती वेळात हे तिच्याकडे लेखी आहे का, रिअ‍ॅक्शन आली तर पहिलं काय देणार, आणि अ‍ॅड्रेनालिन आत्ता बॅगेत आहे का, दाखवा. पिक लाइन असेल तर बाहेर किती सेंटिमीटर आहे हे ती रोज मोजून लिहिते का. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांत बदललं जातं का, आणि सुटलं, ओलं झालं तर त्याच दिवशी. चांगल्या सिस्टरला असं विचारल्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं असा माझा अनुभव.

मीरा_ठाणे

डॉक्टर, मनापासून आभार. हे मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत.

सुजाता_सिस्टर (पुणे)

दोन-तीन दिवस बऱ्याच जणींशी बोलले. ठरलेलं लिहिते.

पुण्यात दर महिन्याला एका रविवारी दुपारी, दोन ते साडेचार. दुपारची वेळ अशासाठी की सकाळचे डोस झालेले असतात आणि संध्याकाळचे व्हायचे असतात. भाषण नाही. चार टेबलं. एकावर फ्लश आणि पिक लाइनचं ड्रेसिंग डमी हातावर. दुसऱ्यावर कुठलं औषध कशात आणि थेंबांचा हिशोब, ओंकारच्या अर्ध्या पानाने सुरुवात. तिसऱ्यावर डॉक्टरांचं घड्याळ आणि अ‍ॅड्रेनालिनची जुनी, तारीख उलटलेली अँप्यूल, बटाट्याऐवजी जाड स्पंजवर. चौथ्यावर सुया, कचरा आणि टोचल्यावर काय. प्रत्येकीने स्वतः करून दाखवायचं, आणि जमलं नाही तर पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर परत. शेवटची वीस मिनिटं वैदेही म्हणाली तसं, या महिन्यात कुणाच्या घरी काय नडलं. पेशंटचं नाव, पत्ता, ब्युरोचं नाव काढायचं नाही.

क्रेडिटसाठी परिषदेकडे अर्ज करायचा आहे, पल्लवी मॅडमनी कागदपत्रांत मदत करायचं कबूल केलंय. मान्यता येईपर्यंत क्रेडिट मिळणार नाही हे आधीच सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. फी नाही. साहित्याचा खर्च आम्ही काही जणी वाटून घेतोय.

अजयदादा, तुमच्याकडच्या मुलींना वसईहून येणं शक्य नाही. तुमच्या भागात एक खोली आणि टेबलं मिळाली तर मी पहिल्या वेळी स्वतः येईन.

अजय_वसई

खोली ऑफिसचीच घ्या. आणि त्या अडीच तासांचे पैसे मुलींना मी देईन, एवढं माझ्याकडून. एक विचारतो, माझ्याकडे एएनएम (जीएनएमपेक्षा छोटा नर्सिंग कोर्स) झालेल्या मुली जास्त आहेत. त्यांना घ्याल का?

सुजाता_सिस्टर (पुणे)

नक्की घेऊ. पिक लाइनच्या टेबलावर त्यांनी आधी बघायचं, बाकी तीन टेबलं सगळ्यांना सारखी. रिअ‍ॅक्शन ओळखणं आणि सुई टोचल्यावर काय करायचं हे तर त्यांना सगळ्यांत आधी. येताना प्रत्येकीने रोज वापरते तीच बॅग, आहे तशी, न आवरता आणायची. तोच आयव्ही सेट, त्याच सिरिंज. अ‍ॅड्रेनालिन नसेल तर जागा रिकामी राहू दे, तिथल्या तिथे यादी करून तुमच्याकडे देते.